तेराव्या वाफ्यातला परका हात

मुकुंदराव रेठरेकरांचे तळहात बघून वाळवंडीच्या शाळेतल्या मुली हसायच्या. साठीला टेकलेल्या माणसाचे हात असे असतात का? ना घट्टा, ना भेग, ना नखात काळं. नुकत्याच विसळलेल्या बशीसारखे नितळ. पण हसण्याआधी हे ऐका, की त्या हातांनी इस्लामपुरात तीस-बत्तीस वर्षं कवळ्या केल्या होत्या. आसपासच्या गावांतली निम्मी म्हातारी माणसं ज्या दातांनी भाकरी चावत होती, ते दात मुकुंदरावांचे. दुसऱ्याच्या तोंडात जाणारी वस्तू करायची म्हणजे हात धुवायचे, स्पिरिटनं पुसायचे, की परत धुवायचे. त्यातून ती मोठी साथ येऊन गेल्यावर सरकारनं अशा कारागिरांना कवचलेप सक्तीचा केला. तळहाताच्या कातडीत मुरणारं हे औषध एकदा लावलं, की दोन-दोन वर्षं तिथं एकही जंतू तग धरत नाही. दुकान मोडायच्या जरा आधीच मुकुंदरावांनी नियमाप्रमाणे नवा लेप घेतला होता. नियम चुकवणाऱ्यांतले ते नव्हतेच.

आता असा माणूस हातशेती शाळेत काय करत होता? शाळा आजऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. सेंद्रिय शेती शिकवणारी. वर्गखोली एकच, तीही पावसाळ्यापुरती. बाकी वर्षभर पुस्तक मिटा आणि कुदळ उचला. प्रत्येकाला एक वाफा आणि वाफ्याच्या डोक्याशी स्वतःचा खताचा ढीग. हातमोजे घालायचे नाहीत, हा शाळेचा पहिला नियम. रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आतली ऊब, ओल, भुसभुशीतपणा हातालाच विचारायचा.

इथं यायचं स्वप्न मुकुंदरावांचं नव्हतंच मुळी. ते त्यांच्या बायकोचं, वासंतीचं. तिच्या माहेरकडून जमिनीचा एक तुकडा आला होता. "आधी मी शिकते, मग तुम्हाला शिकवते. तोवर तुम्ही लोकांचे दात बसवा," असं म्हणून ती बॅग भरून इथं आली. तेरावा वाफा तिचा. दर आठवड्याला फोन: "अहो, या की एकदा. माझी हळद बघा कशी छातीएवढी झालीय." आणि मुकुंदराव म्हणायचे, "एवढं हातातलं काम संपू दे." काम काही संपलं नाही. जानेवारीत, हळद काढायच्या आधीच, वासंती त्या वाफ्यात काम करता करता कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मुकुंदराव पोचले तेव्हा तिच्या नखांत ओली माती होती. त्यांनी ती धुऊ दिली नाही.

मूलबाळ नव्हतं. रिकाम्या घरात महिनाभर भिंतींशी बोलून झाल्यावर त्यांनी दुकान विकलं आणि जूनमध्ये शाळेत येऊन सांगितलं, की मला तेरावाच वाफा पाहिजे.

शाळेची एक रीत होती. नवी तुकडी आली, की सोरटे मास्तरांच्या ढिगापाशी जायचं. अरविंद सोरटे खताचे मास्तर. उंच, वाळका माणूस, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. त्यांचा ढीग म्हणजे शाळेचा मूळ ढीग. वर्ष संपवून जाणारा प्रत्येक जण आपल्या खताची एक ओंजळ त्यात टाकून जातो, आणि नवा येणारा दोन्ही हात पसरून म्हणतो, "विरजण वाढा, मास्तर." मास्तर ओंजळभर खत हातावर घालतात. त्यावर नव्याचा ढीग लागतो. दह्याचं विरजण शेजारणीकडून मागून आणतात, त्यातलाच प्रकार.

सगळ्यांनी हात पसरले. मुकुंदराव मागं उभे.

"या की, रेठरेकर," मास्तर म्हणाले.

"मला नको."

"का वो?"

"त्या वाफ्यात वासंतीचं सगळं आहे. त्यात दुसऱ्या कुणाचं मिसळायला नको."

मास्तरांनी टॉवेल सारखा केला. "विरजणाबिगर दही लागत न्हाई."

"लागलेलं आहे आधीच," मुकुंदराव म्हणाले आणि निघून गेले. मागं एक पोरगी फिसकन हसली. मास्तरांनी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं, आणि गोष्ट तिथंच मिटली.

त्याच आठवड्यात हातनोंद होती. ती ज्या यंत्रावर होते त्या ओळखपेटीची गोष्ट आता सांगितलीच पाहिजे.

आपल्या कातडीवर सूक्ष्म जीवांची वस्ती असते. जात सगळ्यांची तीच, पण वाण ज्याचं त्याचं. आजवर शास्त्रज्ञ म्हणायचे, की हे जीव मातीत पडले की संपले. मातीतले पैलवान त्यांना उभं राहू देत नाहीत. पण उबदार, ओलसर कंपोस्टमध्ये, जिथं माणूस रोज उघडा हात घालतो तिथं, भलतंच काही घडताना दिसलं. कातडीवरचा एक जीव मातीतल्या आपल्या लांबच्या भावकीकडून चार जनुकं उसनी घेतो आणि मातीतच घर करतो. खूण मात्र मूळ माणसाचीच ठेवतो. त्याची वंशावळ वर्षानुवर्षं चालते आणि काही पिकांच्या मुळांना ती मानवतेही. आपल्याकडं बायाबापड्या पूर्वीपासून म्हणत आल्या, की अमकीच्या हाताला गुण आहे. तो हातगुण आता मोजता येऊ लागला.

ओळखपेटी मिक्सरएवढी. चिमूटभर माती नळीत घालायची, वर रसायनाचे थेंब. मातीतल्या जीवांच्या जनुकांचा धागा पेटी एका अतिबारीक छिद्रातून ओढते. धागा सरकताना विजेत जी थरथर होते, तिच्यावरून ती त्याची अक्षरं वाचते. मग नोंदवलेल्या तळहातांशी ताडून बघते. पाऊण तासात पडद्यावर रंगीत वर्तुळं. ज्याची वस्ती मोठी, त्याचं वर्तुळ मोठं.

शोध लागून चार-पाच वर्षं झाली नाहीत तोवर लोकांनी त्याचे काय काय खेळ केले! बांध कोणी कोरला हे ठरवायला वकील कोर्टात मातीच्या नळ्या नेऊ लागले. शहरातल्या दुकानांत 'एकाच हातची भाजी' असे शिक्के झळकले. आणि कुणाच्या परसात भलत्याचाच हात निघाला म्हणून लग्नंसुद्धा मोडली.

शाळेत पेटी चालवायची रुक्साना मुलाणी. गडहिंग्लजची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, तोंडानं फटकळ पण मनानं मऊ. तिनं मुकुंदरावांच्या तळहातावर कापसाचा बोळा फिरवला, पेटी लावली, आणि थोड्या वेळानं डोकं खाजवत म्हणाली, "काका, तुमचा हात कोरा आहे."

"म्हणजे?"

"वस्तीच नाही. ओसाड. तुमच्या नावापुढं मी लिहू काय?"

"काही लिहू नका," मुकुंदराव म्हणाले. हाताचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. "पोरी, तेराव्या वाफ्याची माती बघून देशील?"

तिनं दिली. पडद्यावर एक भलंमोठं जांभळं वर्तुळ उमटलं. खाली नाव: वासंती मुकुंद रेठरेकर. वासंतीला जांभळा रंग जन्मात आवडला नव्हता, पण पेटीला कोण सांगणार? मुकुंदराव खुर्चीवर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. रुक्सानानं चहा आणून ठेवला, तो थंड झाला. वर्तुळाच्या कडेला हरभऱ्याएवढा एक करडा ठिपकाही होता. "ते काय?" त्यांनी विचारलं.

"अनोळखी हात. असतो असा कचरा," ती म्हणाली.

मग पावसाळाभर मुकुंदराव तेराव्या वाफ्यात राबले. राबले म्हणजे कसे? बाकीचे गाणी म्हणत, एकमेकांच्या ढिगाला नावं ठेवत काम करायचे. हे एकटे. जेवायला सगळ्यांत शेवटी जायचे, ताट घेऊन वाफ्याच्या कडेला बसायचे. शाळेनं वासंतीची काढून ठेवलेली हळद होती, तिचंच बेणं त्यांनी लावलं. "आज गड्डे ठेवले बरं का," असं पुटपुटायचे. "तू वीतभर अंतर म्हणाली होतीस ना? वीत तुझी की माझी?" उत्तर कोण देणार? पण दर महिन्याला ते रुक्सानाकडे माती घेऊन जायचे आणि जांभळं वर्तुळ बघून परत यायचे, तेच उत्तर. ज्या बाईला भेटायला चार तासांचा प्रवास झाला नाही, तिच्या जंतूंची आता दर महिन्याला खुशाली विचारत होते. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

घामानं मात्र त्यांचा पिच्छा पुरवला. बसून काम केलेला देह. कुदळीचे चार घाव घातले की कपाळावरून, कानामागून धारा लागायच्या आणि टपटप मातीत पडायच्या. पुसायला हात कुठं रिकामा असायचा?

दिवाळीनंतर माती तपासली तेव्हा करडा ठिपका सुपारीएवढा झाला होता.

"कचरा वाढलाय का गं?" त्यांनी विचारलं.

रुक्साना पडद्याकडं वाकून बघत म्हणाली, "कचरा नाही हा, काका. चांगला नांदता हात आहे. कुणीतरी येतंय तुमच्या वाफ्यात."

"कोण?"

"नोंदीतलं कुणी नाही. विद्यार्थी सगळे नोंदीत आहेत." ती नळी पुसू लागली. "नोंद नाही ती फक्त मास्तरांची. ते देतच नाहीत. त्यांचा ढीगसुद्धा तपासू देत नाहीत. 'माझा हात माझ्यापाशी', म्हणतात."

एवढंच. पोरगी सहज बोलून गेली. पण संशयाला काय लागतं? चिमूटभर विरजण पुरतं.

मुकुंदरावांनी सोरटे मास्तरांकडं वेगळ्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली, आणि बघायला लागल्यावर काय, दिसायलाही लागलं. मास्तर एकटेच राहतात. मास्तर वासंतीचा विषय निघाला की गप्प होतात. जानेवारीत वासंती पडली तेव्हा तिला उचलणारे मास्तरच. नंतर जूनपर्यंत तेराव्या वाफ्याला पाणी घालणारेही मास्तरच. का? तुमचा काय संबंध? एकदा शिकवताना मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "रेठरेकर बाईंचा हात मातीला लई मऊ लागायचा." मुकुंदरावांच्या कानशिलात रक्त चढलं. मातीला मऊ लागायचा, हे तुम्हाला कसं कळलं हो?

आणि मग एका सकाळी, उजाडता उजाडता, त्यांनी बघितलं. मास्तर तेराव्या वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि परत जागेवर ठेवून वरून हातानं थोपटली. मुकुंदराव शेवग्याच्या झाडामागं उभे होते, पण पुढं होऊन विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि ते 'हो' म्हणाले तर?

मास्तर रोज सगळ्याच वाफ्यांची माती हुंगून बघतात, हे शाळेतलं शेंबडं पोर सांगेल. पण मुकुंदराव बाकीच्या वाफ्यांकडं बघतच नव्हते ना.

फेब्रुवारीत हळद निघाली. गड्डे इतके भरदार, की मुलींनी वाफ्याभोवती गर्दी केली. "काका, हाताला गुण आहे हं तुमच्या!" मुकुंदरावांना ते टोचलं. त्यांचा हात तर कोरा. गुण होता तो दुसऱ्याच कुणाचा.

मार्चअखेरीला त्यांनी पुन्हा माती नेली. करडं वर्तुळ जांभळ्यापेक्षा मोठं झालं होतं, आणि जांभळं त्याच्या कुशीत शिरल्यासारखं दिसत होतं. रुक्साना हरखली. "बघा ना काका, ही दोन्ही वाणं एकमेकांना धरून वाढतात. एकाशिवाय दुसरं इतकं माजलं नसतं. फार जुनी सोबत असल्याशिवाय असं होत नाही."

"किती जुनी?"

"ते पेटी सांगत नाही. पण जुनी."

मुकुंदराव खोलीवर गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. तीस वर्षं बरोबर काढलेली बाई, आणि शेवटच्या सात-आठ महिन्यांत जुनी सोबत? का त्याहूनही आधीची ओळख? म्हणूनच हीच शाळा शोधून काढली होती का तिनं? 'या की एकदा' असं म्हणायची, ते मनापासून म्हणायची, की मी येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं म्हणायची? ज्या माणसाला जाब विचारायचा ते माणूस राहिलंच नाही की काय होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. भांडायलाही सोबत लागते.

एप्रिलच्या पहिल्या उन्हात त्यांनी गावातून पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला. मातीत रोग शिरला, की सेंद्रिय शेतीवाले औषध मारत नाहीत. माती भिजवतात, वर कागद ताणून कडा मातीनं गच्च दाबतात आणि उन्हाला सांगतात, तू बघ. महिनाभरात आतली माती अशी तापते, की रोगाचं बी राहत नाही. बऱ्यावाईटाची निवड मात्र ऊन करत नाही.

मुकुंदराव कडा दाबत होते तेव्हा सोरटे मास्तर येऊन उभे राहिले.

"त्या वाफ्याला कशाला कागद? रोग न्हाई त्यात."

"आहे."

"मी हुंगलीया माती. गोड हाय."

"तुम्ही हुंगता हे माहीत आहे मला," मुकुंदराव म्हणाले, आणि मान वर न करता शेवटची कड दाबली. "खताचा ढीगही आत घेतलाय. काही शिल्लक ठेवायचं नाही."

मास्तरांनी दाबलेल्या कडा बघितल्या. मग टॉवेल झटकून निघून गेले. मुकुंदरावांना वाटलं, खाई त्याला खवखवे.

महिनाभर तो कागद उन्हात चकाकत राहिला. मुकुंदराव रोज जाऊन बघायचे. आतून वाफेचे थेंब धरलेले असायचे. कधीकधी त्यांचा हात कागदाच्या कडेपाशी जायचा, वाटायचं, फाडून टाकावा. त्यात तीही आहे. पण रात्री डोळे मिटले की मास्तर माती थोपटताना दिसायचे, आणि सकाळी हात मागं यायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात कागद निघाला. खालची माती राखेसारखी मोकळी, बिनवासाची. रुक्सानानं नळी लावली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ना करडं, ना जांभळं.

"गेले काका," ती हळूच म्हणाली. "दोघंही गेले."

मुकुंदरावांनी मान हलवली. वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. वासंती जानेवारीत गेली होती, तशीच आता परत गेली. आणि या वेळी त्यांनीच तिला घालवली होती.

"तुमचं प्रमाणपत्र राहिलंय," रुक्साना काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. "त्यावर हाताची खूण लागते आणि तुमचा हात कोरा. वर कळवलं तर म्हणे अंगावरची कुठलीही जागा चालेल. वळा जरा."

तिनं त्यांच्या कानामागून बोळा फिरवला. तिथं ना स्पिरिट पोचलं होतं, ना कवचलेप. पेटी घरघरली. मुकुंदराव बॅग भरायचा विचार करत खिडकीबाहेर बघत होते. पेटीची घरघर थांबली तेव्हा ते वळले. रुक्साना पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बसली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

"काका, तो हात… तुमच्या वाफ्यातला परका हात…"

"मास्तरांचा?"

"तुमचा."

मुकुंदरावांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले.

"तुमचा घाम, काका! वर्षभर मातीत पडत होता. आणि मी मूर्ख! पेटीला माणूस म्हणजे फक्त तळहात. आणि तळहात तर तुमचा कोरा. घामाचा विचार कुणी केलाच नाही." ती घाईघाईनं बोलत होती, जणू थांबली असती तर रडली असती. "तुम्हाला ओळखायला पेटीपाशी काहीच नव्हतं, म्हणून ती आपली अनोळखी, अनोळखी म्हणत राहिली."

"पण मी यायच्या आधीही तो होता. पहिल्या तपासणीला. हरभऱ्याएवढा."

रुक्सानानं डोळे पुसले. "तो काकूंनी आणला. एका घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांची वाणं एकमेकांच्या अंगावर नांदतात. नोंद करताना पेटी सगळ्यांत दाट वस्ती तेवढी धरते, बारीकसारीक सोडून देते. काकूंच्या हातावर थोडी वस्ती तुमचीही होती. ती त्यांनी इथं पेरली. मग तुम्ही आलात, वरून घाम पडला, ती माजली. मी म्हणाले नव्हते का, जुनी सोबत आहे म्हणून?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं तर कळसा फोडून झाला होता. मुकुंदराव उभे राहिले, परत बसले. ते दिवाळीपासून ज्याचा हेवा करत होते, ज्याला उन्हात भाजून मारला, तो माणूस ते स्वतः होते. तिच्यासोबत तो आधीपासून इथं राहत होता. तिनं त्याला बॅगेत न भरताच बरोबर आणलं होतं, आणि तो येत नाही म्हणून ती फोन करत होती.

ते रडले. आवाज करून रडले, साठीच्या माणसानं रडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल तोंड फिरवावं. रुक्साना त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काका, एक जागा राहिलीय. मास्तरांचा ढीग. तिथं काकूंचं काही असलं तर…" तिनं एक रिकामी नळी त्यांच्या खिशात घातली. "चिमूटभर आणा. मी कुणाला सांगणार नाही."

मूळ ढीग शाळेच्या मागं, आंब्याच्या सावलीत होता. मास्तर घमेल्यानं त्यावर पाणी शिंपडत होते. मुकुंदराव जाऊन समोर उभे राहिले.

"मास्तर, वाफ्यात दुसऱ्याचा हात निघाला होता. मला वाटलं, तुमचा. वासंतीवर आणि तुमच्यावर मी नाही नाही तो संशय घेतला."

"ठाऊक हाय. कागद दाबत हुता तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? एक नोंद दिली असतीत तर मिटलं असतं."

मास्तरांनी घमेलं खाली ठेवलं. "रेठरेकर, माझ्या आज्जाला गावच्या हिरीला हात लावू देत नव्हते. तहानेनं जीव जायला लागला की तो पहाटं जाऊन पाणी काढायचा. त्याचा हात कुठं लागला हे शोधणारी पेटी तवा नव्हती, म्हणून जगला. मी माझा हात पेटीत द्यायचा न्हाई. तुमच्यासाठी न्हाई, कुणासाठीच न्हाई." मग ते म्हणाले, "आणि बोलणार तरी काय? बायको गेलेल्या माणसाला काय बोलू?"

मुकुंदरावांना मान वर करवेना. "तिचा हात होता त्यात. मी तो जाळला, मास्तर."

मास्तर ढिगाकडं वळले. "बाई गेल्या तवा त्यांच्या निरोपाची ओंजळ राहिली हुती. वरीस पुरं झालं न्हाई, पण काम पुरं झालं हुतं. मग मीच त्यांच्या ढिगातली ओंजळ घेतली आणि हितं घातली. तुम्ही जूनमधी हात पसरला असता तर तवाच मिळाली असती."

आंब्यावर कुठंतरी खार चिरकत होती. मुकुंदरावांच्या खिशात नळी होती. एक चिमूट, पाऊण तास, आणि कळलं असतं: आहे की नाही. त्यांनी खिशावर हात ठेवला, आणि हात काढून घेतला. आजवर पेटीनं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि तरी काय करून बसलो आपण!

त्यांनी ते दोन्ही नितळ, ओसाड तळहात पसरले.

"विरजण वाढा, मास्तर."

मास्तरांनी ढीग उकरून आतलं, काळंभोर खत काढलं आणि त्यांच्या हातांवर घातलं. ते गरम होतं. त्यात कोणाकोणाचे हात होते कुणास ठाऊक. पंचवीस वर्षांच्या सगळ्या तुकड्यांचे, मास्तरांचे, कदाचित त्यांच्या आज्जाचेही, आणि तिचे. मुकुंदरावांनी खत आपल्या खांद्यावरच्या टॉवेलात नीट बांधलं.

"उद्या जातो. तिच्या माहेरच्या रानात. तिथं ढीग लावीन."

"एकटेच?"

"एकटाच."

"मग जाताना तुमची ओंजळ टाकून जा. रीत हाय."

मुकुंदराव ओशाळले. "माझ्याकडं द्यायला काय आहे, मास्तर? माती मेलीय माझी."

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. दुपारच्या उन्हात चालत आल्यानं कपाळ निथळत होतं. "अंगावर काय कमी हाय व्हय?"

मुकुंदरावांनी मानेवरून, कानामागून तळहात फिरवला. तो ओला झाला. मग ते मूळ ढिगापाशी गुडघे टेकून बसले आणि तो हात त्यांनी कोपरापर्यंत आत घातला. आत चांगलीच ऊब होती. मास्तर घमेलं घेऊन पाणी आणायला गेले, तरी त्यांनी हात लवकर बाहेर काढला नाही.